चार बाटल्या, एक नाक

२४ मार्च, रविवार. सकाळी ९

आजपासून वही लिहायला घेतली. खास कारण नाही. स्मरणशक्ती ठणठणीत आहे. खात्री म्हणून एकोणतीसचा पाढा म्हटला. एकोणतीस सकला अडखळलो, पण तिथं कोणीही अडखळतो.

ज्योत्स्नाचं खोकं आलं. तिच्या कॅनडातल्या ऑफिसमधली एक मुलगी सुट्टीवर नागपूरला आली, तिच्या हाती पाठवलं. आत मेपल सिरपच्या चार छोट्या बाटल्या. तिकडे मेपल नावाच्या झाडाला भोक पाडून पाणी काढतात आणि आपल्या गुऱ्हाळावर रस आटवतात तसं आटवतात. चार बाटल्या म्हणजे चार ग्रेड. गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क. सोबत चव कशी ओळखायची याचं माहितीपत्रक.

फोनवर ज्योत्स्ना म्हणाली की ती १२ मेला इकडे अनसिंगला, घरी पोचते, आणि आल्याबरोबर माझी परीक्षा. डोळे बांधून चारही ग्रेड ओळखायच्या. तिथं ऑफिसात तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय की आमचे बाबा हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याच्या वरणातलं मीठ नुसत्या वासावरून सांगतात. लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून व्हिडिओ काढून नेणार.

मी हसलो. म्हटलं, त्यात काय मोठं. फोन ठेवला आणि तळहात ओले झालेले दिसले. उकाडा फार आहे.

दुपारी १

खरं लिहायला हरकत नाही. वही माझीच आहे, कपाटाची किल्लीही माझ्या जानव्याला.

गेली दोन वर्षं नाकाला जरा विश्रांती आहे. वास येत नाही असं नाही. येतो, पण उशिरा येतो. कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही येत नाही.

डॉक्टरकडे गेलो नाही, त्याला कारण आहे. रिठदचे माझे थोरले भाऊ दौलतराव. त्यांचं आधी नाक गेलं, मग माणसांची नावं गेली. शेवटच्या वर्षी मी त्यांच्या खाटेवर बसलो होतो, तर मलाच विचारलं, "तुमी कोन गावचे पाव्हने?" आईशप्पथ, त्या दिवसापासून मी डॉक्टरच्या पाटीवरून जायचं टाळतो. डॉक्टर काय करतो? रोगाला नाव देतो. नाव दिलं की रोग घरी राहायलाच येतो.

तेव्हा निश्चय. रोज सकाळी उपाशीपोटी चार बाटल्यांचा सराव. १२ मेला चारपैकी चार. चारपैकी चार म्हणजे नाक शाबूत, नाक शाबूत म्हणजे डोकं शाबूत, आणि डॉक्टर कॅन्सल. अठ्ठावीस वर्षं कृषी सहायक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला सिरप ओळखणं अवघड नाही.

२५ मार्च, धूळवड

सराव सुरू करता आला नाही. सोजरने चारही बाटल्या देवापुढे मांडून टोपणांना हळदकुंकू लावलं. नवीन वस्तू आधी देवाला. देवाच्या बाबतीत माझी बायको कोणाचं ऐकत नाही, आणि इतर बाबतींतही.

२६ मार्च

पहिला सराव. माहितीपत्रकाप्रमाणे: फिकट रंगापासून गडद रंगाकडे जावं. चमचाभर जिभेवर घोळवावं. तोंड मिटून श्वास नाकाने सोडावा. मग व्हॅनिला, लोणी, भाजलेले दाणे, कॉफी, धूर असे वास एकेक करून उमटतात.

माझी निरीक्षणं. गोल्डन: गोड. अंबर: गोड. डार्क: गोड. व्हेरी डार्क: गोड, पण ठामपणे.

डोळे उघडे ठेवून चारपैकी चार. सुरुवात उत्तम. डोळे मिटून चारपैकी शून्य, पण पहिला दिवस आहे.

२८ मार्च

पत्रकात लिहिलंय, बाटली उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. ही थंड देशातल्या लोकांची भीती. आपली काकवी मडक्यात वर्षभर राहते, तिला कधी काही झालंय का? गोड वस्तू नासत नाही हे कृषी सहायकाला कोणी कॅनडाहून शिकवू नये.

शिवाय फ्रीज उघडा. सोजर कोणालाही चमचाभर देईल, स्वतः चाखेल, आणि मला विचारेल, कसला वास येते हो याले? ते नको. बाटल्या माझ्या लोखंडी कपाटात ठेवल्या. ज्योत्स्नाने दोन वर्षांपूर्वी पाठवलेला लोकरीचा कोट तिथंच असतो. अनसिंगला तो घालायची वेळ आलेली नाही, पण कसर लागू नये म्हणून मी दर महिन्याला त्याच्या खिशांत डांबर गोळ्या भरतो. मुंग्याही लागणार नाहीत. एका दगडात दोन पक्षी. टोपणं नीट बसत नाहीत, हळदकुंकू अडकलंय. चालतं.

३ एप्रिल

चारपैकी एक. खरं पाहता दोन धरायला हवेत, कारण अंबरला डार्क म्हटलं आणि डार्कला अंबर. म्हणजे दोघांना ओळखलं, फक्त नावं उलटी घेतली.

नावं उलटी. हे लिहिलं आणि हात थांबला. दौलतरावदादाही आधी नावं उलटीच घेत.

एकोणतीसचा पाढा दोनदा म्हटला.

५ एप्रिल

रिसोडला माझ्यावर साहेब होते, त्यांचं नाव आठवेना. सकाळपासून. चेहरा दिसतो, मिशी दिसते, मोटारसायकलचा नंबर आठवतो. नाव नाही. जेवण गेलं नाही. सराव केला नाही.

६ एप्रिल. पहाटे

रतनसिंग! रतनसिंग, रतनसिंग. इतका आनंद झाला की सोजरला उठवून सांगितलं. ती म्हणाली, बरं, आणि कूस बदलली.

९ एप्रिल, पाडवा

कडुलिंबाचा पाला चावला. कडू! अगदी लख्ख कडू. म्हणजे यंत्रणा चालू आहे. दिवसभर छाती पुढे काढून हिंडलो.

पुरणपोळी मात्र पुठ्ठ्यासारखी. एक गोष्ट नमूद करतो. दोन वर्षांपासून सोजरच्या हाताची चव गेली आहे. वरण, भाजी, ठेचा, सगळं सारखंच. वय झालं तिचं. मी मन मोठं ठेवतो, बोलत नाही. दिवसातून एकदाच बोलतो.

१४ एप्रिल

व्हेरी डार्कवर पांढरी साय आली आहे. दुधावर येते तशी, पण जरा लोकरीसारखी. पत्रकात हिचा उल्लेख सापडला नाही. चांगल्या मालाचं लक्षण असावं. ढवळून घेतली.

भंडाऱ्याचा स्वयंपाक करणारे मारोतराव जिनसांची यादी करायला आले होते. आमच्याकडे हनुमान जयंतीचा भंडारा मोठा. नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी काही चाखायचं नाही, चाखलं की उष्टं झालं. म्हणून वरणाच्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, वाकून वासावरून मीठ सांगणारा एक माणूस लागतो. आधी वडील होते. गेली एकतीस वर्षं मी. एकदाही चुकलो नाही. गेली दोन वर्षंसुद्धा सवयीने 'एक मूठ' म्हटलं आणि बरोबर निघालं, म्हणजे नाक आतून काम करत असणार.

मारोतरावांना कौतुकाने चमचाभर अंबर दिलं. त्यांनी तोंडात घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं, उठून कडुलिंबाच्या बुडाशी थुंकून आले. मग विचारलं, "भाऊ, हे पेयाचं हाय का ढेकनाचं?"

माणूस भला, पण जीभ तयार नाही. मी पाठोपाठ दोन चमचे घेऊन दाखवले. सोजर दारात उभी होती. तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी टोपण लावून बाटली कपाटात नेऊन ठेवली.

१६ एप्रिल

खरबुजं तोडायला आली. वेलावरचं खरबूज पिकलं की नाही हे देठापाशी वास घेऊन कळतं. दरवर्षी मीच तोडतो. आज टोपली घेऊन निघालो तर सोजर आधीच वाफ्यात. म्हणाली, तुमची कंबर दुखते, तुमी सावलीत बसा. माझी कंबर दुखत नाही. पण तिने एवढं म्हटलं तर दुखू लागली, आणि मी बसलो.

गेल्या साली मी तोडलेल्यांतली निम्मी कच्ची निघाली होती. बियाणं खराब होतं.

२३ एप्रिल, हनुमान जयंती. दुपारी ४

लिहायला बसलो, पण पहिली ओळ तीनदा खोडली.

पंगती बसायच्या होत्या. वरणाचा मोठा गंज चुलाणावर. मारोतरावांनी झाकण काढलं, लोक बाजूला झाले, मी पुढे गेलो, वाकलो. वाफ तोंडावर आली. गरम होती एवढं कळलं. त्यापलीकडे काही नाही. पांढऱ्या भिंतीला नाक लावावं तसं. मागच्या दोन वर्षी इतकी भीती वाटली नव्हती. यंदा मला माहीत होतं की मला माहीत नाही.

सवयीने म्हटलं, एक मूठ. टाकली. पुन्हा वाकलो. काहीच फरक नाही. दोनशे माणसं माझ्या पाठीकडे पाहत होती. मनात आलं, मीठ कमी पडलं तर उद्या गाव म्हणेल, शालिग्रामचं नाक गेलं. म्हटलं, अजून एक. मारोतराव थांबले, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टाका. टाकली. आणि देवा शप्पथ, तिसरी का सांगितली हे मला आत्ताही सांगता येत नाही.

मग नैवेद्य, आरती, पंगत.

पाण्याच्या टाक्या दोन पंगतींतच संपल्या. तिसऱ्या पंगतीसाठी टँकर मागवावा लागला. कोणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मारोतरावांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा.

२४ एप्रिल

कारणं अशी. मीठ नव्या कंपनीचं होतं. ऊन फार होतं, उन्हाने वाफ पातळ होते. तुरीची डाळ जुनी होती.

सराव: चारपैकी शून्य. अंबरवरही साय आली.

२५ एप्रिल

घराबाहेर पडलो नाही. पडलो की लोक नाकाकडे पाहतात असं वाटतं. पाढे म्हटले. एकोणतीस नीट आला, मग सतरामध्ये चुकलो. सतरामध्ये! सोजरने विचारलं, काय पुटपुटता? म्हटलं, मारुतीस्तोत्र.

२ मे. सकाळी ११

आज काय झालं ते लिहितो, आणि मग हे पान डकवून टाकतो.

सोजर वाफ्यात गेली होती. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी सरावाला बसलो. दारं-खिडक्या लावून, वाऱ्याने एकाग्रता मोडते म्हणून. चार वाट्या, डोळे मिटलेले. डार्क जिभेवर घोळवत होतो. मनात आलं, देवापुढे उदबत्ती लावून प्रार्थना करून पाहावी, सगळे उपाय केले पाहिजेत. काडेपेटी घेतली. काडी काढली.

दार उघडलं. सोजर उंबऱ्यातच थांबली, पदर नाकाला लावला, आणि फार हळू बोलली. ती इतकं हळू कधीच बोलत नाही.

"काडी खाली ठेवा. गॅस चालू हाय. हलू नका, फक्त खाली ठेवा."

मी ठेवली. तिने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, माझा हात धरून अंगणात आणलं. ती गेल्यावर मी चहा करताना दूध उतू गेलं होतं आणि बर्नर विझला होता. घर भरलं होतं म्हणे. तीन घरं सोडून शेजाऱ्यांनाही वास आला.

मी आत अर्धा तास बसलो होतो.

तिला म्हटलं, माझं लक्ष डार्कमध्ये होतं.  अंगणात खाटेवर बसून तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही. 

३ मे

काडेपेट्या घरात कुठेच दिसत नाहीत. सिलिंडरचं रेग्युलेटर रोज बंद असतं. सोजर वाफ्यात जाताना मला सोबत घेऊन जाते, म्हणते, एकटीले करमत नाई. छत्तीस वर्षं करमत होतं.

मला भीती वाटते. इथंच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. रोगाची वाटते, पण त्याहून या गोष्टीची वाटते की एक दिवस मी असाच तिच्याकडे पाहीन आणि विचारीन, तुमी कोन गावच्या?

१० मे, आखाजी

अक्षय्य तृतीयेचा पितरांना घास टाकला. दौलतरावदादांच्या नावाचा घास टाकताना डोळे भरले. मनात म्हटलं, दादा, मला नका बोलावू एवढ्यात.

परवा ज्योत्स्ना येते. प्रामाणिक सरावाचा निकाल शून्य ते एक यांच्या मध्येच राहतो, म्हणून योजना दोन. गोल्डनच्या बाटलीला एक रबरबँड, अंबरला दोन, डार्कला तीन, व्हेरी डार्कला काही नाही. डोळे बांधले तरी हात मोकळे आहेत. बाटली हातात घेतली की ग्रेड कळली. याला फसवणूक म्हणता येणार नाही. स्पर्श हेही ज्ञानेंद्रियच आहे.

साय आता चारही बाटल्यांवर. बोटाने काढून टाकली, उरलेली ढवळली. दिसायला उत्तम.

११ मे

रंगीत तालीम, सात वेळा. रबरबँडने चारपैकी चार, सातही वेळा. महिनाभरानंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१२ मे, रविवार. संध्याकाळ

ज्योत्स्ना दुपारी आली. वाळली आहे, पण हसते तशीच. चहा झाला आणि म्हणाली, "चला बाबा, परीक्षा."

मी कपाट उघडून बाटल्या आणल्या आणि स्वतःच रुमालाने डोळे बांधून घेतले. हात पुढे केला. बाटली हातात आलीच नाही. ज्योत्स्ना सिरप चार स्टीलच्या वाट्यांत ओतणार होती, हे कोणी सांगितलं नव्हतं.

टोपणाचा आवाज आला.  खुर्ची मागे सरकली. ज्योत्स्ना खोकली.

मला वाटलं, वेळ घालवला तर संशय येईल. समोर आलेल्या वाटीवर वाकलो, लांब श्वास घेतला, पत्रकात लिहिल्याप्रमाणे नाकाने सोडला. म्हटलं, "अंबर. आधी लोणी, मागून व्हॅनिला. फार सुंदर."

माझ्या डोळ्यांवरचा रुमाल तिने काढला. वाटीत हिरवट पांढरे गोळे तरंगत होते. ती रडत नव्हती, पण आवाज तसा होता.

"बाबा, साऱ्या खोलीत डांबर गोळ्याईचा वास येऊन राह्यला. अन् याले बुरशी लागली. तुमाले काईच नाई आलं?"

मी तोंड उघडलं. सर्दी म्हणणार होतो. सोजर बोलली, माझ्या आधी.

"दोन दिवाळ्या झाल्या. मी वाट पाहून राह्यली व्हती, का सोताहून सांगतीन."

दोन दिवाळ्यांपूर्वी अनारशांचं तूप जळून घरभर धूर झाला होता आणि मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. तेव्हाच तिला कळलं म्हणे. दोन दिवाळ्या. म्हणजे साडेपाचशेच्या वर दिवस मी रोज ताटावर बसून म्हणत होतो की सोजर, तुझ्या हाताची चव गेली. आणि तिने एकदाही उलटून म्हटलं नाही की चव माझ्या हातातून नाही, तुमच्या नाकातून गेली. नुसती पुढच्या वेळी तिखट वाढवायची, लसूण वाढवायची.

मला फार लाज वाटली. लाजेत भीती जरा कमी झाली, ही एक सोय.

१३ मे

सगळं सांगितलं. दादांचं, नावांचं, पाढ्यांचं. ज्योत्स्ना म्हणाली, परवा वाशीमला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे. मी म्हटलं, जाऊन उपयोग नाही, आमच्या घराण्यातच आहे ते. दादांचंही आधी नाकच गेलं होतं.

सोजरने तिथल्या तिथं रिठदला फोन लावला, पंचफुलावहिनींना. स्पीकरवर. विचारलं, भाऊजींचं नाक किती वर्षांपूर्वी गेलं होतं?

वहिनी म्हणाल्या, "त्याईले वास कवा येत व्हता? जलमभर तपकीर वढली. माह्या लग्नाच्या दिवशीबी नाकाचा पत्ता नव्हता. डोस्कं तं लय मागून बिघडलं, ऐंशीच्या पुढं."

फोन ठेवला. मग ज्योत्स्नाला हसू आलं, मग सोजरला. मला आलं नाही. दोन वर्षं मी एका तपकिरीच्या डबीला भ्यालो.

१५ मे

वाशीमचे डॉक्टर तरुण आहेत. बारीक नळी आत घातली आणि टीव्हीवर दाखवलं. दोन्ही नाकपुड्यांत मांस वाढलंय, द्राक्षांच्या घोसासारखं. मी विचारलं, मेंदू? ते म्हणाले, मेंदूचा काय संबंध? पाढे विसरतो असं सांगितलं. त्यांनी विचारलं, कितीचा? म्हटलं, एकोणतीसचा. म्हणाले, मला बाराच्या पुढे येत नाही.

गोळ्या, फवारा, आणि दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धुणं. तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं, गरज पडली तर छोटं ऑपरेशन.

एवढंच? खरं लिहितो, जरा अपमान झाल्यासारखा वाटला. मी मरणाची तयारी केली होती आणि आत द्राक्षं निघाली.

२० मे

मारोतराव भेटायला आले. मी माफी मागितली. म्हटलं, पुढच्या भंडाऱ्याला दुसरा माणूस बघा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मीठ चुकलं माझं.

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, "भाऊ, मिठाले वास नसते."

मी म्हटलं, नसते कसा? वडील सांगत.

"त्याईलेबी ठाव व्हतं. मी मापानं मीठ टाकतो अन् एक मूठ बाजूले राखतो. तुमी मूठ म्हनता, मी टाकतो. गावाले बरं वाटते. यंदा तुमी तीन म्हनले."

बाटल्या चुलाणामागे पुरून टाकल्या. कोट ज्योत्स्ना परत घेऊन चालली आहे. विमानात तिच्या शेजारी बसणाऱ्या माणसाची दया येते.

२ जून, रविवार. सकाळी ८

ज्योत्स्ना जाऊन तीन दिवस झाले. व्हिडिओ तिने काढलाच नाही. ऑफिसात विचारलं तर सांगीन म्हणे, की बाबांची तब्येत बरी नव्हती.

औषधाचा एकोणिसावा दिवस. नाक धुतलं, कपाट उघडलं, वही काढली, पान उलटलं आणि शिंक आली. पाठोपाठ काहीतरी आत शिरलं, टोचणारं, उग्र. डांबर गोळ्या! वही उलटसुलट करून पाहिली. २४ मार्चपासूनचं प्रत्येक पान त्याच वासाचं. माझा निश्चय, माझी निरीक्षणं, चारपैकी एक, चारपैकी शून्य, सगळं.

वही छातीशी धरून स्वयंपाकघरात गेलो. सोजर वरणाला फोडणी देत होती. जिरं आलं. लसूण आला. हिंग आला. डोळ्यांत पाणी आलं, ते फोडणीचं म्हणता आलं असतं, पण म्हटलं नाही. तिला सांगितलं, वास येऊन राह्यला.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पळी हलवत म्हणाली, "मंग सांगा, मीठ बरोबर हाय का?"

मी वाकलो नाही. चमचा मागितला.

मीठ बरोबर होतं. दोन वर्षं बरोबरच असणार.